आजीची ट्रंक आणि गोदीतला आजोबा : कादंबरीबद्दल तुम्ही परत परत विचारता ते प्रश्न

कादंबरी आल्यापासून तेच तेच प्रश्न येतायत, मेसेजवर, लग्नात जेवणाच्या रांगेत, एकदा तर डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असताना. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आधीच सांगते, खाली गोष्ट पूर्ण फोडलीय, त्यामुळे वाचली नसेल तर इथूनच परत फिरा आणि नंतर मला बोलू नका.

थोडक्यात गोष्ट काय आहे?

घोडपदेवची एक चाळ रिडेव्हलपमेंटला जाते. खोलीची भाडेपावती अजून आजोबांच्या नावावर, आणि बिल्डरचा माणूस म्हणतो त्यांचा मृत्यूचा दाखला आणा. दाखला नाही. कारण आजोबा गोदीत टॅली क्लार्क, म्हणजे माल मोजणारे कारकून होते, 14 एप्रिल 1944 ला स्फोट झाला त्यात गेले, बॉडी मिळाली नाही, एवढंच घरात सगळ्यांना माहीत. नात आजीची ट्रंक उघडते तर तळाला मनिऑर्डरची कुपनं, 1950 पासून 1956 पर्यंतची, शिक्का उरण पोस्टाचा. म्हणजे आजोबा मेलेच नव्हते, उरणला दुसरं घर करून राहत होते.

हे खरं घडलंय का? तुमच्याच घरातलं आहे ना?

नाही. म्हणजे आमच्या घरात ट्रंक होती, आणि तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फोटो होता, आणि मी सहावीत असताना तो हातात घेऊन आजीला विचारलं हे कोण, तर ती म्हणाली "गप रव". बस. एवढंच खरं. फोटो नंतर मला कधी दिसला नाही आणि मी पण परत विचारलं नाही, आमच्याकडे "गप रव"च्या पुढे कोणी जात नाही. बाकी सगळं मी हार्बर लाईनवर डॉकयार्ड रोड ते वडाळा या पट्ट्यात मोबाईलवर टाईप करत रचलंय. काकांना मात्र अजून पटत नाही, ते म्हणतात तू उरणचं कुठून आणलंस, तुला कोणी सांगितलं. आता यावर मी काय समजायचं सांगा.

तो स्फोट खरा आहे का? आम्ही मुंबईत जन्म काढला, कधी ऐकलं नाही.

एकदम खरा. शुक्रवार होता. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाची बोट लागलेली, कराचीत कापसाच्या गाठी भरून आलेली, आणि त्याच बोटीत सुमारे 1400 टन स्फोटकं आणि वर सोन्याच्या विटा. कापसाला आग लागली, दुपारी चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आग विझवायला गेलेले फायर ब्रिगेडचे 66 लोक गेले, म्हणून 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह असतो, शाळेत आपण चित्रं काढायचो त्याची आणि का काढतोय ते कोणी सांगायचं नाही. भायखळ्याला फायर ब्रिगेडच्या मुख्यालयात स्मारक आहे. धक्का शिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला होता. सोन्याच्या विटा लांब लांब उडून पडल्या, आणि गोदीतला गाळ काढताना पुढे कित्येक वर्षं सापडत राहिल्या.

आणि तुम्ही ऐकलं नाही त्यालाही कारण आहे. लढाई चालू, सेन्सॉर कडक. मुंबईतल्या पत्रकारांना बातमी बाहेर पाठवायची परवानगी मिळाली ती मे महिन्यात. जपान्यांच्या हातातल्या सायगाव रेडिओने मात्र दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलेलं. म्हणजे मसजिद बंदरला घरं जळतायत, माणसं गोणीत भरून नेतायत, आणि बातमी बाहेर जाऊ द्यायची नाही. मला गोष्ट इथेच मिळाली खरं तर. अख्ख्या शहराला "गप रव" म्हटलंय, मग एका खोलीतल्या बाईचं काय घेऊन बसलात.

मग रामदास बोट का नाही घेतली? कोकणातल्या माणसाला ती जवळची.

हा प्रश्न बहुतेक रायगड, रत्नागिरीवाले विचारतात. रामदास 17 जुलै 1947 ला बुडाली, अवसेला, रेवसला जाताना, सहाशेच्या वर माणसं गेली आणि ती गोष्ट घराघरात सांगितली गेली. ज्या दुःखाबद्दल सगळे बोलतात त्यात माणूस लपवता येत नाही. गोदीत येतो.

दहा बाय बाराच्या खोलीत इतकी वर्षं गुपित राहतंच कसं? पटलं नाही.

राहत नाहीच. तेच तर लिहिलंय मी तीनशे पानं.

चाळीत शेजारच्याकडे मासळी कुठली आणली ते फोडणीवरून कळतं, भांडण कोणाचं ते भिंतीतून, आणि नळावर उभं राहिलं की उरलेलं. तिथे लपवायला जागाच नाही. आपल्याकडे गुपित म्हणजे कोणाला माहीत नसलेली गोष्ट नसतेच मुळी, सगळ्यांना माहीत असते आणि कोणी काढत नाही, ते गुपित. आणि ती न काढण्याची जी शिस्त असते ना ती फार कडक असते, मजल्यावरच्या बायका एकमेकींशी वर्षभर अबोला धरतील, एकमेकींच्या पोरांना शिव्या देतील, पण तेवढी एक गोष्ट भांडणात सुद्धा बाहेर काढणार नाहीत. (एकदा काढते एक. प्रकरण सातवं. तिच्याकडे पुढच्या संक्रांतीला एकही बाई वाण घ्यायला जात नाही.)

यात पोस्टाचा पण हात आहे, तो पुढच्या प्रश्नात.

कुपन कोणाकडे, पावती कोणाकडे? नव्या पोरांना मनिऑर्डर माहीतच नाही.

बरोबर आहे, जीपेवाल्यांनो. मनिऑर्डरचा एक फॉर्म असायचा. पैसे पाठवणारा तो भरायचा, पोस्टमन फॉर्म आणि रोकड घेऊन दारात यायचा. फॉर्मचा एक छोटा तुकडा, कुपन, त्यावर दोन ओळी मजकूर लिहायची जागा, तो पैसे घेणाऱ्याकडे राहायचा. आणि घेणाऱ्याने सही केलेली पोचपावती परत पाठवणाऱ्याकडे जायची. गिरणगावातून असं पैशांबरोबर "पाऊस बरा आहे, म्हशीची काळजी घ्या" इतकं सगळं गावाला जायचं त्या दोन ओळींत.

आता सही येत नसेल तर अंगठा. पण नुसता अंगठा चालत नाही, साक्षीदाराची सही लागते. म्हणजे दर महिन्याला पोस्टमन आला की आजी गॅलरीत येणार, आणि ज्याला लिहिता येतं असा कोणीतरी शेजारी साक्षीला उभा राहणार. कधी समोरचे मास्तर, कधी तिकडची मावशी, कधी जिन्याखालचा टेलर. सहा वर्षं. उरणचा शिक्का प्रत्येकाने बघितलाय, अक्षर प्रत्येकाने बघितलंय, आणि आजी कपाळाला कुंकू लावून उभी आहे हे पण. एकाने सुद्धा विचारलं नाही की पैसे पाठवतं कोण. आता सांगा गुपित कोणाचं होतं.

आणि त्या सगळ्या अंगठ्याच्या पावत्या उरणला जमा होत गेल्या. कादंबरीत दुसऱ्या घरातली नात त्या घेऊन येते, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.

कुपनवरच्या त्या उभ्या रेघांचा अर्थ काय?

मजकुराच्या जागेत शब्द नाहीत, रेघा आहेत. चार उभ्या आणि पाचवी त्यांच्यावरून तिरकी. टॅली क्लार्क बोटीतून उतरणारा माल असा मोजायचे, पाचाचा एक गठ्ठा. पाठवणाऱ्याचं नाव खोटं आहे, अक्षर दुसऱ्याकडून लिहून घेतलंय, पण रेघा त्याच्या हातच्या, आणि आजीला अक्षर येत नव्हतं तरी रेघा येत होत्या कारण तो घरी दुधाचा हिशोब दाराच्या मागे तसाच मारायचा.

1950 च्या कुपनावर आठ रेघा, 51 ला नऊ. बऱ्याच जणांनी लिहिलंय की महिने मोजतो, किंवा पाप मोजतो (हे एका सरांनी लिहिलं, चार पानं). साधं आहे हो. मुलाचं वय. आजोबा गेले तेव्हा बाबा दोन वर्षांचे होते.

आजी माळकरी घरातली, आणि माहीमच्या चर्चला कशी जाते? हे मुद्दाम घुसडलंय का?

कधीतरी बुधवारी माहीमला उतरून बघा. नऊ बुधवार करणाऱ्यांत हिरव्या बांगड्या, मंगळसूत्र, डोक्यावर पदर, सगळं दिसेल. ती नोव्हेना, म्हणजे नऊ बुधवारांची प्रार्थना, सुरू झाली 8 सप्टेंबर 1948 ला, तो पण बुधवारच होता. बाहेर मेणाच्या वस्तू विकायला असतात, घर हवं असेल तर मेणाचं घर, पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, मूल हवं असेल तर बाळ. आजी मेणाचा अख्खा माणूस घेते. गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलेलंच असतं, नारळ ठेवून, सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून झालेलं असतं, कौल पण लावलेला असतो आणि कौल दोन्ही वेळा मिळालेला नसतो. मग बाई थांबत नाही, पुढच्या दाराला जाते. यात तिला कसलाही गोंधळ वाटत नाही, गोंधळ वाचकांना वाटतो. मुंबईतल्या बायकांचा देव ट्रेनच्या रूटवर असतो असं माझी मैत्रीण म्हणते, मी ते पुस्तकात घातलं होतं पण संपादकांनी काढलं, म्हणून इथे.

जिवंत माणसाचं क्रियाकर्म? आजीला माहीत होतं ना तो उरणला आहे, मग 1956 ला पालाशविधी का करते ती?

सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न. सावकाश सांगते.

आधी विधी. माणूस बेपत्ता झाला, बारा वर्षं थांगपत्ता नाही, तर त्याला गेला असं धरून पुतळा करतात आणि त्या पुतळ्याला अग्नी देतात. पळसाची 360 पानं देठांसकट, कारण जुन्या हिशोबाने शरीरात हाडं 360, चरकाने तेवढीच मोजलीत. डोक्याला इतकी, छातीला इतकी, हाताला इतकी, अशी वाटून मांडायची, दर्भाने बांधायची. वर डोक्याच्या जागी नारळ. कायद्यात सात वर्षं पुरतात, रूढीत बारा. 1944 अधिक बारा, म्हणून 1956, बाणगंगेवर.

मी तो प्रसंग लिहिताना आजीचे हातच बघत होते फक्त. गुरुजी म्हणतात पानं मी मांडतो, ती म्हणते मी देते एकेक. ती मोजून देते. चार सरळ, पाचवं आडवं. गुरुजी वैतागतात, असं नाही ओ बाई. ती तसंच देते.

आता का. चाळीला वाटतं तिने हार मानली. सासरच्यांना वाटतं उशीर केला, आधीच करायला हवं होतं, कपाळ मोकळं करायला हवं होतं. पण ती बारा वर्षं तिने स्वतः मोजलीत. सहा वर्षं तो मेला की जगला या चिंतेत, मेणाचा माणूस वाहून, आणि पुढची सहा तो जगलाय हे कळल्यावर, तो येतो का बघत. कुंकू ती त्याच्यासाठी लावत नव्हती, मुदत चालू आहे म्हणून लावत होती. मुदत संपली, तिने माणूस पानांचा केला आणि जाळला. रडत नाही ती तिथे, त्यावर पण तक्रारी आल्यात. ती बारा वर्षं आधी रडलीय, तुम्ही पहिलं प्रकरण घाईत वाचलंत.

सरळ घटस्फोट घेता आला नसता का?

कायद्याने येत होता! हे लोकांना माहीत नसतं, हिंदू विवाह कायदा 1955 चा, पण मुंबई प्रांतात दुसऱ्या लग्नाला बंदी 1946 लाच आली आणि घटस्फोटाचा कायदा 1947 ला. म्हणजे आजोबांनी उरणला 1949 मध्ये जे लग्न लावलं ते मुळातच बेकायदा, आजीने एक अर्ज केला असता तर तो आत गेला असता. पण कोर्टात जायचं म्हणजे गुपित बोलायचं. आणि कोर्टात बोललं की ते चाळीचं राहत नाही.

गंमत बघा पण. घटस्फोट हा शब्द धर्मशास्त्रात नवराबायकोचा नाहीच. पतित झालेल्या, वाळीत टाकलेल्या जिवंत माणसाच्या नावाने पाण्याचा घडा उपडा करायचा आणि तो आपल्यापुरता मेला असं ठरवायचं, त्याला घटस्फोट म्हणायचे. म्हणजे आजीने जे केलं ते जुन्या अर्थाने अगदी तेच, फक्त घड्याच्या जागी पानं. हे मला पुस्तक छापून झाल्यावर कळलं, आणि मी दोन दिवस नीट जेवले नाही की हे आत का नाही घातलं.

शेवटच्या पावतीचं नीट कळलं नाही.

विधीनंतरच्या महिन्यात नेहमीसारखी मनिऑर्डर येते. नाव नेहमीसारखं, "सौ." लावून. पोस्टमन साक्षीदार शोधायला मास्तरांच्या दाराकडे वळतो, आजी म्हणते नको. ती त्या वर्षी रात्रीच्या साक्षरता वर्गाला जात होती हे मागे येऊन गेलंय (सगळ्यांना ते प्रकरण कंटाळवाणं वाटलं, मला माहीत आहे). ती पेन घेते आणि सही करते. पूर्ण नाव, आणि पुढे गं. भा. म्हणजे गंगाभागीरथी, जे विधवेच्या नावापुढे लावायचे. पोस्टमन वाचतो, काही बोलत नाही, पैसे मोजून देतो.

ती पावती उरणला जाते. आपण मेलो हे आजोबांना पोस्टाने कळतं, बायकोच्या अक्षरात, जे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. त्यानंतर मनिऑर्डर येत नाही.

सहा वर्षांत त्या एकाच वेळी साक्षीदार नव्हता. पोस्टमन सोडला तर चाळीत कोणाला कळलं नाही ते तेवढंच.

कावळा शिवला का?

आजीच्या दहाव्याला? पहिल्या खर्ड्यात शिवला होता. अगदी सिनेमासारखं, कोणी काही बोललं तरी शिवत नाही, खोलीचं नीट वाटप करू म्हटलं, नाही, पोरीचं लग्न करू म्हटलं, नाही, मग बाबा पुढे होऊन हळूच काहीतरी पुटपुटतात आणि कावळा येतो. आत्याला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की चहा सांडला. म्हणाली, अगं आपल्याकडे कावळ्यांना इतका वेळ असतो का. मग बदललं. आता गुरुजींना बाराच्या आत दादरला दुसरं काम आहे म्हणून ते दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि सगळे चपला शोधायला लागतात. आत्याला क्रेडिट.

आजोबांना तुम्ही सोडून दिलंत. त्यांची बाजू कुठे आहे?

त्यांची बाजू अर्ध्या पानाची आहे आणि ती मुद्दाम अर्ध्या पानाची आहे. त्या दुपारी हजेरी लावून ते कामावरून सटकले, भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या, म्हणजे उरणच्या बंदराच्या, लाँचमध्ये बसले, कोणाला भेटायला ते तुम्हाला कळलंच असेल. पाण्यातून त्यांनी धूर बघितला. परत यायचं तर कुठे होतो ते सांगावं लागणार, आणि न यावं तर कोणी विचारणारच नाही, हजेरीत नाव आहे, माणूस गेला. एवढंच. यात मोठं काही नाही, भित्रेपणा आहे, आणि तो रोज थोडा थोडा वाढत जातो. मी त्यांच्यावर रागावलेली नाही, पण पानं पण जास्त देणार नाही.

मालवणी कळत नाही, तळटीपा द्या.

नाही देणार. दोनदा मोठ्याने वाचा, कळतं.

आमच्या घरात पण असंच काहीतरी आहे. लिहू का? विचारायचं कसं?

लिहा, पण सरळ विचारू नका. "तेव्हा काय झालं होतं" असं विचारलं की म्हातारं माणूस लगेच टीव्हीचा आवाज वाढवतं. आडून विचारा. हा डबा कोणी दिला, या भांड्यावर नाव कोणाचं आहे, त्या लग्नाला कोण आलं नव्हतं. कोण आलं नव्हतं हा प्रश्न फार चालतो. कागद बघा, जुनी रेशनकार्डं, शाळा सोडल्याचे दाखले, भाडेपावत्या, गावची सातबाऱ्यावरची वारस नोंद, तिथे कधीकधी एक नाव जास्तीचं निघतं आणि मग घरात शांतता पसरते. आणि ज्या माणसाला त्रास होईल तो हयात असेल तर थांबा. माझं साधं मत आहे, कादंबरी दहा वर्षांनी पण लिहिता येते.

पीडीएफ मिळेल का? सिरियल येणार का?

नाही. आणि एकांचा फोन आला होता, त्यांना आजी तरुण हवी होती आणि उरणवाली खलनायिका. मी म्हटलं विचार करून सांगते, अजून करतेय.

बाबांना माहीत होतं का? ते तर शेवटपर्यंत "माझे वडील गोदीत गेले" एवढंच म्हणतात.

याचं उत्तर पुस्तकात आहे पण फार कमी जणांनी बघितलं, म्हणून सांगते. दोन्ही नाती जमिनीवर बसून कुपन आणि पावती जुळवतात ते प्रकरण काढा. ऑगस्ट 1953. आजी त्या महिन्यात टायफॉईडने हॉस्पिटलात होती, हे चौथ्या प्रकरणात आलंय. तरी ऑगस्टची पावती आहे, साक्षीला मास्तरांची सही आहे, आणि अंगठा आहे. बाबा तेव्हा अकरा वर्षांचे, शाळेत जाणारे, अक्षर उत्तम, सही येत होती.

मोठ्या नातीने तो अंगठा आधीच्या महिन्याच्या अंगठ्याशेजारी ठेवलाय बघा. निम्मा आहे.